खांद्यापासून बोटांपर्यंत

शर्वीची बालवाडीची रिक्षा आठ वाजून दहा मिनिटांनी जायची. सुशांत त्याआधीच बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर कामाला निघून गेलेला असायचा. त्यामुळे सव्वाआठ ते नऊ ही वेळ प्रणिताची एकटीची. खरकटी भांडी तशीच ठेवून ती खिडकीपाशी बसायची, उजव्या हातात बाही चढवायची आणि डोळे मिटून आईच्या हाती जायची.

आईच्या हाती जायचं, हे तिचं तिच्याशीच बोलणं. दुसऱ्या कुणापाशी तिनं ते कधी उच्चारलं नाही. आईला, शालनला, जाऊन चौदा महिने झाले होते.

बाही दिसायला साधीच होती. राखाडी, विणलेली, बोटांच्या टोकांपासून खांद्यापर्यंत आणि पुढे गळ्याशी येणारा एक रुंद पट्टा. सरकारी योजनेत ती मिळू लागून तीन वर्षं झाली होती. आत केसाएवढे बारीक तंतू होते, ऊब दिली की आखडणारे. ते एकामागोमाग एक आखडत गेले की हातावरून कुणाचं तरी बोट हळूच सरकतंय असं वाटे. कुणाचं तरी नव्हे. प्रणिताच्या बाहीत शालनची बोटं होती. डाव्या करंगळीला जरा बाक असलेली, अंगठ्याचा भार किंचित जास्त पडणारी.

आधी गळ्याच्या हाडामागे दोन बोटं गोल फिरली. मग छातीवरून पलीकडच्या काखेकडे. मग खांदा, दंड, कोपर. सगळं वर, वर. चौतीस मिनिटांनी ते संपलं आणि प्रणिता ज्यासाठी बसायची ते सुरू झालं. खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत, एकच लांब हात. ओलं कापड निथळावं तसा, खाली. एकदा, दोनदा, पाचदा, नऊदा. नवव्याला नेहमीसारखं सगळं अंग सैल पडलं.

त्या दिवशी कारखान्यात तिच्या हातून कानस सुटली.

मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत ती बशीरचाचांकडे तंबोऱ्यांची जवारी काढायची. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानशीनं केसभर घासायचा, तार लावून ऐकायची, पुन्हा घासायचा. आवाज उमलेपर्यंत. जास्त घासलं की घोडी वाया. ती वाया गेली.

बशीरचाचांनी घोडी बाजूला ठेवली आणि तिचा हात उलटसुलट करून पाहिला. "बेटा, तुझी बोटं माझ्यासारखी जाड झाली की. मी सत्तरीचा आहे, तुला काय घाई?"

प्रणिता हसली. मूठ मिटत नव्हती, हे तिनं सांगितलं नाही.

*

या सगळ्याची सुरुवात शर्वी आठ महिन्यांची असताना झाली होती. प्रणिताच्या छातीत गाठ लागली तेव्हा तिनं ती आधी आईला दाखवली. दुसऱ्या कुणाला दाखवणार? शालनचा जन्म बाळंतिणींत गेला होता. मिरजेतली निम्मी पोरं तिनं पाटावर पाय पसरून, नडग्यांवर आडवी घालून रगडली होती, न्हाऊ घातली होती. तिनं बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, "दुधाची गाठ हाय. अंगावर पाजतीस न्हवं? शेकून काढू." तीन आठवडे तिनं रोज शेकलं, चोळलं. गाठ दुधाची नव्हती.

ऑपरेशन झालं. काखेतल्या एकवीस गाठी काढल्या. आजार गेला, पण उजवा हात फुगू लागला. आधी अंगठी निघेना, मग बांगडी चढेना, मग ब्लाउजची बाही उसवावी लागली.

सूज उतरवण्याच्या दवाखान्यातल्या नीलोफर मॅडमनी मायलेकींना समोर बसवून समजावलं. "रक्ताला ढकलायला हृदय असतं. पण अंगात दुसरंही एक पाणी फिरत असतं, लसिका. पेशींच्या मधला गाळ आणि जंतू घेऊन ते परत जातं. त्याला ढकलायला कुणी नाही. बारीक नळ्या, त्यांच्या इवल्या झडपा, आणि आपण हललो, श्वास घेतला की मिळतो तो रेटा. काखेतल्या गाठी म्हणजे त्या वाटेवरची नाकी. ती गेली, वाट बुजली. पाणी हातात तुंबलं. तुंबलेल्या पाण्यात काय होतं?"

"किडं," शालन म्हणाली.

"बरोबर. म्हणून या हाताला सुई नको, चटका नको, साधा ओरखडासुद्धा नको. आणि पाणी रोज नव्या वाटेनं वर चढवायचं. एकच लक्षात ठेवा काकू, आधी वर जागा करायची. गळ्याशी, दुसऱ्या काखेशी. वर जागा झाली की खालचं आपोआप चढतं. वर भरलेलं असताना खालून कितीही रेटा, उपयोग नाही."

शालननं पदर खोचला आणि लेकीचा दंड हातात घेतला.

"काकू, काकू! कणीक तिंबताय का?"

"मग कसं?"

"दुधावरची साय न मोडता बाजूला सारता ना, तसं."

"एवढ्या हळू? अहो मॅडम, एवढ्यानं पिठावरची माशी बी उठायची न्हाई."

पण घरी जाऊन तिनं खरंच दुधाचं पातेलं पुढ्यात घेतलं. बोटाच्या पेरानं साय सारायची. मोडली की स्वतःलाच शिवी. चार दिवस घरात कुणाला सायीचं दूध मिळालं नाही. पाचव्या दिवशी ओरडली, "जमलं गं, लेकी!" चाळीस वर्षं पोरं रगडून दगड झालेले हात तिनं छप्पन्नाव्या वर्षी पिसासारखे केले.

बाही आली तेव्हा तिला शिकवायला माणूस लागत होतं. आधीची यंत्रं सगळ्या हातांना एकच दाब द्यायची आणि फसायची, कारण प्रत्येक हातातल्या बुजलेल्या वाटा वेगळ्या. त्या बोटांनाच सापडतात. म्हणून चौदा दिवस बाही चढवलेल्या हातावर शालननं मालीश करायची आणि बाहीनं ते टिपून घ्यायचं, असं ठरलं. पुढे बाही स्वतःत सुधारणाही करणार होती. हातातलं पाणी किती उतरलं ते ती मोजायची, आणि स्नायू किती सैल पडले तेही. घाबरलेला, आवळलेला हात निचरत नाही, म्हणून जो स्पर्श हाताला सैल करील तो वाढवत न्यायचा, असं तिला सांगून ठेवलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी मालीश संपली आणि शालननं प्रणिताच्या खांद्यापासून बोटांपर्यंत एक लांब हात ओढला. मग दोन्ही हात स्वतःच्या कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली.

"हे काय काकू?"

"दृष्ट काढली. बाळाला बी आंघोळीनंतर काढत असतो आम्ही."

"नका काढू. चाळीस मिनिटं वर चढवलेलं पाणी तुम्ही परत खाली ओढताय. बाही तेही शिकेल."

"बरं. न्हाई काढत."

दुसऱ्या दिवशी नीलोफर मॅडम आकडे लिहायला पाठमोऱ्या झाल्या, तशी शालननं लेकीकडे पाहिलं. झर्रकन हात ओढला, खांद्यापासून बोटांपर्यंत. बोटं मात्र आवाज न करता नुसती मिटली. ओठ हलले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण ज्या बाईनं तीन आठवडे ती गाठ शेकली होती, तिच्या डोळ्यांत ते सगळं होतं.

प्रणितानं पाहिलं. आणि डोळे मिटून घेतले. पुढचे दहा दिवस रोज.

*

शालन गेली ती बुधगावला एका बाळंतिणीकडे न्हाऊ घालून आल्यावर. दारच्या पायरीवर बसली, "पाणी दे गं" म्हणाली. प्रणिता तांब्या घेऊन आली तेव्हा ती चौकटीला टेकून तशीच बसली होती. तळव्यांना खोबरेल तेलाचा वास होता.

चौदाव्या दिवशी प्रणितानं पुन्हा बाही चढवली. हात लाकडासारखा कडक झाला होता. गळा, काख, दंड, काही केल्या सैल पडेना. मग शेवटी तो हात खाली आला, आणि ती पहिल्यांदा रडली. नीट, आवाज काढून.

महिनाभरानं तो हात दोनदा येऊ लागला. तिला वाटलं, आपल्यालाच भास होतोय. मग तीनदा. दर वेळी जरा सावकाश, जरा जास्त भार देऊन. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? आई जास्त वेळ थांबत होती.

*

घोडी बिघडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मनगटापासून लाल पट्टा चढला आणि ताप एकशे तीनवर गेला. औषधांनी तो उतरला तेव्हा नीलोफर मॅडमनी बाहीची नोंद पडद्यावर उघडली. सगळ्या रेषा वर जाणाऱ्या होत्या. शेवटी एक जाड, खाली उतरणारी.

त्यांनी त्या जाड रेषेवर बोट ठेवलं.

"ही काकूंची?"

प्रणितानं मान हलवली. "मी बघितलं होतं मॅडम. तेव्हाच. बोलले नाही."

"सुरुवातीला तीन सेकंद होती ती. तीन सेकंदांनी काही बिघडलं नसतं. आता सहा मिनिटं आहे. रोज सहा मिनिटं सगळं पाणी बोटांत." त्यांनी चष्मा काढला. "यंत्राचंही काही चुकलं नाही गं. त्याला सांगितलं होतं, हात सैल कर. तुझा हात दुसऱ्या कशानं सैलच होत नव्हता."

"आता?"

"तेवढा भाग काढून टाकू. बाकी काकूंचे हात तसेच राहतील."

"बाकी तुमचं आहे मॅडम," प्रणिता म्हणाली. "गळा, काख, दंड, सगळं तुम्ही शिकवलेलं. तिचं स्वतःचं तेवढंच होतं."

नीलोफर मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. त्यांनी तो भाग पुसला नाही, नुसता बंद केला. तीच चूक झाली.

पाच दिवस प्रणिता टिकली. बाही खांद्याशी येऊन थांबायची, आणि ती हात पुढे धरून तशीच बसून राहायची, कुणीतरी आत गेलंय, आता येईल म्हणून बसतात तशी. सहाव्या दिवशी न्हाणीघरात कोनाड्यामागे तिला आईची तेलाची जुनी बाटली सापडली. बाटलीवर तेलकट अंगठा उमटलेला होता. बाटली हातात धरूनच तिनं फोनवरून बाहीचा तो भाग चालू केला. एकदाच म्हणून.

तीन आठवड्यांनी तिला दवाखान्यात भरती केलं. डाव्या हाताला सलाईन, उजवा उशांवर उंच ठेवलेला, तांबडालाल, चकचकीत. शर्वीला आत सोडत नव्हते. काचेपलीकडून ती तळवा दाबून उभी होती आणि तोंडानं काचेवर वाफ काढत होती. चार दिवस.

सुशांत कधी आवाज चढवणारा माणूस नव्हता. तेव्हाही चढवला नाही. बाजूच्या स्टुलावर बसून मोसंबं सोलता सोलता म्हणाला, "तू चालू केलंस ना परत?"

तिनं काचेपलीकडच्या शर्वीकडे पाहिलं.

"मला सांगायचं होतंस."

"काय सांगणार होते? आणि तू काय म्हणाला असतास?"

"म्हणालो असतो, माझी पण ती सासू होती." त्याच्या हातातली फोड फुटली, रस मनगटावर ओघळला. "बोलवायची मला रोज. 'ये जावईबापू, साय खा,' म्हणायची, आणि पातेल्यात सायच नसायची." तो हसला, मग त्याचा चेहरा कोलमडला. "तुझी आई गेली गं प्रणू. शर्वीची अजून आहे. तिची राहू दे."

नीलोफर मॅडम संध्याकाळी आल्या. "पुढच्या वेळी जंतू रक्तात गेले तर आपण हाताबद्दल बोलत नसू," एवढंच म्हणाल्या.

"पुसून टाका," प्रणिता म्हणाली.

"एक प्रत काढून ठेवते माझ्याकडे."

"नको. ठेवलीत तर मी मागीन. तुम्ही नाही म्हणाल, मी पाया पडेन, आणि एखाद दिवशी तुम्ही द्याल." तिनं डोळे पुसायला हात उचलला, तर सलाईनची नळी ताणली गेली. "पुसायचं बटण मीच दाबते. फक्त मला एक सकाळ द्या."

*

रविवार होता. सुशांत दाराशी उभा होता, आत यावं की नाही ते न कळून. प्रणितानं शर्वीला आंघोळ घातली, पंच्यात गुंडाळून पाटावर बसवलं आणि बाही तिच्या उजव्या पायात चढवली. साडेतीन वर्षांच्या पोरीचा पाय तो. बाही कमरेपर्यंत आली. तंतू हळूहळू आखडून तिच्या मापाचे झाले. एवढ्या हलक्या दाबानं तिला काही होणार नाही, हे प्रणितानं नीलोफर मॅडमना विचारून घेतलं होतं.

"गुदगुल्या होतील," शर्वीनं आधीच बजावलं. तिला कुणी पायाला हात लावलेला खपत नसे.

"नाही होणार."

प्रणितानं फक्त शेवटचा भाग चालू केला.

कमरेपासून बोटांपर्यंत तो हात उतरला. शर्वी हसायला तोंड उघडून होती, ती तशीच राहिली. दुसऱ्यांदा उतरला तेव्हा तिच्या पायाची बोटं पंख्यासारखी पसरली, आणि तिनं मोठी जांभई दिली. जन्मल्यावर सव्वा महिना याच हातांनी रोज असंच निथळवलं होतं तिला. तेव्हाचं काही तिला आठवत असणं शक्य नव्हतं. तरी तिसऱ्या वेळी तिनं मान आईच्या मांडीवर टाकली.

"कोण करतंय?" तिनं झोपाळल्या आवाजात विचारलं.

प्रणिताची नजर त्या लहान पायावर होती. या हाताला जिथं जायचं होतं तिथंच तो चालला होता. न सुजलेल्या अंगावरून, खाली, आणि बोटांतून बाहेर. इथं त्याचं काहीच चुकत नव्हतं.

नवव्याला शर्वी झोपली होती. सुशांत येऊन शेजारी बसला. प्रणितानं फोन उचलला. सुजलेलं बोट पहिल्यांदा बटणावर नीट पडलंच नाही. दुसऱ्यांदा पडलं. "कायमचं पुसायचं?" असं यंत्रानं विचारलं. तिनं होय म्हटलं.

*

हात उतरायला अडीच महिने लागले. मूठ मिटू लागली. बशीरचाचांनी आधी टाकाऊ घोड्यांवर सराव करवला, मग एक दिवस काही न बोलता नवी घोडी पुढ्यात सरकवली. बाही रोज सकाळी गळ्यापासून सुरू व्हायची आणि खांद्याशी संपायची. संपल्यावर प्रणिता लगेच उठून भांडी घासायला घ्यायची. बसून राहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. कधी बसायचीही.

शर्वीच्या आंघोळीनंतर मात्र ती आता रोज तिच्या खांद्यापासून बोटांपर्यंत लांब हात ओढायची आणि कानशिलांवर बोटं मोडायची. इतके दिवस सुजेनं उजव्या हाताची मोडत नसत. एके दिवशी ती मोडली, कडाकडा, पाचही. तिनं दचकून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"आता तुझी," शर्वी म्हणाली.

"माझी काय?"

"तुझी पण दृष्ट काढायची." ती पाटावर उभी राहिली, दोन्ही ओले तळवे आईच्या उजव्या खांद्यावर ठेवले, आणि खाली ओढू लागली. मन लावून, ओठ मुडपून. अगदी तसाच हात.

दंडाच्या मध्यापर्यंत येईतो प्रणिता हलली नाही. मग तिनं ते इवले हात धरले.

"असं नाही, राणी. माझी उलटी काढायची. खालून वर."

शर्वीनं भुवया आकसल्या. "उलटी?"

"हं. बोटांपासून खांद्याकडे. हळू. साय सारतात तसं."

शर्वीनं बोटांपासून सुरुवात केली. मनगट, कोपर, दंड. मध्येच थांबली. तिच्या डोक्यात काहीतरी बसत नव्हतं.

"पण आई, असं केलं तर दृष्ट बाहेर कशी जाईल? ती आत जाईल ना?"

न्हाणीघरात पाणी ठिबकत होतं. प्रणितानं मान कलती करून गळ्याच्या हाडामागे दोन बोटं ठेवली, गोल फिरवली, एकदा, दोनदा.

"जाऊ दे," ती म्हणाली. "वर जागा केलीय."